एफसी गोवा: साखळीत भरवशाचा, नव्वदाव्या मिनिटानंतर नाही

मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमचं तिकीट काढण्याआधी एक ठरवून घ्यावं: साखळी सामना बघायचा आहे की बाद फेरीचा? कारण एफसी गोवा या दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रतीचा फुटबॉल देतो. साखळी सामन्याचं तिकीट डोळे मिटून काढा. बाद फेरीचंही काढा, पण इंडियन सुपर लीगचा चषक २०१४ ते २०२४-२५ या काळात एकदाही या संघाच्या हाती लागलेला नाही आणि त्याची कारणं दरवेळी जवळपास तीच असतात, हे माहीत असू द्या.

हिशोब असा. २०१४ ते २०२४-२५ या ११ हंगामांपैकी ८ हंगामांत गोवा उपांत्य फेरीत पोचला. अंतिम सामने २. चषक शून्य. तळाला लोळणाऱ्या संघाचा चाहता सप्टेंबरमध्येच मन तयार करतो, त्याची निराशा हंगामभर थोडी थोडी वाटली जाते. गोव्याच्या चाहत्याला पाच महिने आशा मिळते आणि ती एका संध्याकाळी, अनेकदा शेवटच्या पाच मिनिटांत, काढून घेतली जाते.

ही निराशा गोव्यात जास्त का बोचते, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे. २००६-०७ ते २०१२-१३ या सलग ७ हंगामांत देशाचं विजेतेपद गोव्यातच होतं: धेंपोने ४ वेळा, चर्चिल ब्रदर्सने २ वेळा आणि साळगावकरने १ वेळा. त्यानंतर सुपर लीग आली आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे आधीच्या राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडले. ज्या राज्यात रविवारी कोणत्या क्लबच्या बाजूने बसायचं यावरून घराघरांत वाद व्हायचे, तिथे राष्ट्रीय पातळीवरच्या सगळ्या अपेक्षांचं ओझं २०१४ मध्ये जन्मलेल्या एका क्लबवर आलं. मडगावच्या माणसाला 'आम्ही सात वर्षं चॅम्पियन होतो' हे तोंडपाठ आहे. म्हणून उपांत्य फेरी गाठल्याचं कौतुक त्याच्यापुढे करू नये.

सात गोल

या क्लबचं परीक्षण करायला सबंध आकडेवारी लागत नाही. ९० व्या मिनिटाला किंवा त्यानंतर खाल्लेले ७ गोल पुरेसे आहेत. हे सातही गोल बाद फेरीतले आहेत आणि त्यांनी चार हंगाम संपवले.

पहिले दोन २० डिसेंबर २०१५ चे. अंतिम सामना घरच्या मैदानावर, समोर चेन्नईयिन. ब्रुनो पेलिसारीने ५४ व्या मिनिटाला चेन्नईयिनला पुढे नेलं, चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली आणि ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ आघाडी दिली. तिथून चषकापर्यंत फक्त भरपाईची वेळ धरून सात-आठ मिनिटं काढायची होती. ९० व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमणीच्या अंगावरून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, ९२ व्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा मारला. २-३. ब्राझीलच्या झिकोंसारखा दिग्गज प्रशिक्षक असताना हे झालं. पुढच्या हंगामात संघ तळाला गेला आणि झिकोही गेले.

तिसरा १७ मार्च २०१९ चा, मुंबईत, बंगळुरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात. सामना ०-० असा जादा वेळेत गेला. १०५ व्या मिनिटाला मधल्या फळीचा कणा असलेल्या अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि दहा जण उरले. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेने हेडर मारला. पेनल्टी शूटआउट तीन मिनिटांवर होतं.

चौथा, पाचवा आणि सहावा २४ एप्रिल २०२४ चे. यांच्यावर थोडं थांबायला हवं, कारण या सहा मिनिटांत क्लबचा सगळा दोष दिसतो. उपांत्य फेरीचा पहिला टप्पा, फातोर्डा, समोर मुंबई सिटी. बोरिस सिंगने १६ व्या आणि ब्रँडन फर्नांडिसने ५६ व्या मिनिटाला गोल केले होते. ८९ मिनिटं झाली तेव्हा फलक २-० दाखवत होता. ९० व्या मिनिटाला छांगते. ९१ व्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंग. ९६ व्या मिनिटाला पुन्हा छांगते. २-३. दुसऱ्या टप्प्यात मुंबईने आणखी २ मारले आणि एकूण २-५ वर विषय संपला.

सातवा ६ एप्रिल २०२५ चा. बंगळुरूकडून पहिला टप्पा ०-२ हरून आलेला गोवा घरी झुंजला. बोर्हा हेरेराने ४९ व्या मिनिटाला आणि आर्मांडो सादिकूने ८८ व्या मिनिटाला गोल केला, एकूण २-२ झालं. जादा वेळ समोर दिसत होता. ९२ व्या मिनिटाला सुनील छेत्रीचा हेडर. त्या हंगामात गोवा साखळीत ४८ गुणांनी दुसरा होता.

हे नशीब नव्हे. नशीब एकदा फिरतं, फार तर दोनदा.

बिघाड कुठे होतो

गोवा प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या काळापासून एकाच घाटाचा खेळ खेळत आला आहे. गोलरक्षकापासून छोटे पास, दोन्ही बाजूंचे बचावपटू मध्यरेषेच्या पुढे, मधे दोघे चेंडू फिरवणारे आणि समोर एक हुकमी गोल करणारा. हा घाट गोल देतो: फेरान कोरोमिनासने तीन हंगामांत १८, १६ आणि १४ असे ४८ गोल केले, आणि २०१९-२० मध्ये संघाने साखळीच्या १८ सामन्यांत ४६ गोल मारले. पण याच घाटात आघाडी राखायची एकच रीत आहे: चेंडू आपल्याकडे ठेवणं. पाय थकले की पास दोन मीटर कमी पडतो आणि मग पुढे गेलेले बाजूचे बचावपटू परतायच्या आत त्यांच्या मागची जागा उघडी पडते. खाली बसून, दोन ओळी जवळ ठेवून, चेंडू गर्दीत भिरकावून वेळ काढणं हे वेगळं कौशल्य आहे. ते सरावात आठवड्याला तासभर दिल्याशिवाय येत नाही आणि साखळीत दोन-दोन गोलांनी जिंकणाऱ्या संघाला त्याची गरजच पडत नाही. गरज थेट एप्रिलमध्ये पडते.

दुसरी जागा म्हणजे गोल खाल्ल्यानंतरची सुरुवात. २०२४ चे पहिले दोन गोल एका मिनिटाच्या अंतराने आले, म्हणजे मधे फक्त एक किक-ऑफ होता. तो किक-ऑफ कसा घ्यायचा याचं उत्तर शाळेच्या संघालाही ठाऊक असतं: चेंडू मागे द्या, लांब मारून प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात बाहेर घालवा, सगळा संघ वीस मीटर वर सरकवा आणि पहिल्या टकरीत फाउल होऊन खेळ थांबला तरी चालेल. अर्धं मिनिट मिळालं की डोकी ताळ्यावर येतात. २०१५ मध्येही बरोबरीनंतर दोनच मिनिटांत दुसरा गोल बसला होता. आठ वर्षांहून जास्त अंतराने, वेगळे खेळाडू आणि वेगळा प्रशिक्षक असताना तेच घडतं, तेव्हा ती सवय क्लबची म्हणायची.

तिसरी जागा बदली खेळाडूंची. पाच बदली तीन थांब्यांत कराव्या लागतात, मध्यंतरातली बदली वेगळी. ७० व्या मिनिटापर्यंत दोन थांबे वापरून झाले असतील तर उरलेल्या एका थांब्यात पेटका आलेला बचावपटूही बदलायचा असतो आणि हवेतल्या चेंडूंसाठी उंच माणूसही आणायचा असतो. त्यात मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात. गोव्यासारखा संघ त्यातले बहुतेक मधल्या आणि पुढच्या फळीत खर्च करतो. मग शेवटच्या दहा मिनिटांत कॉर्नर आणि क्रॉस अडवायचं काम भारतीय बचावपटूंवर येतं, आणि बाकावर तिसरा खराखुरा मध्य-बचावपटू नसेल तर प्रशिक्षकाचे हात बांधलेले असतात. सामन्याच्या तासभर आधी संघाची यादी येते, तेव्हा पुढची फळी बघण्याआधी बाकावर मध्य-बचावपटू किती आहेत ते मोजा. एकच असेल आणि सामना बाद फेरीचा असेल, तर ८५ व्या मिनिटाला काय होणार याचा अंदाज तिथेच येतो.

पेनल्टीचं वेगळं लिहायला फार नाही. २०१४ मध्ये कोलकात्याच्या एटीकेविरुद्ध २१० मिनिटं गोलच झाला नाही आणि शूटआउट २-४ गेलं. २०२०-२१ मध्ये मुंबईविरुद्ध २-२, ०-० आणि ५-६. शूटआउटमध्ये कोणीही हरू शकतो. हे दोन या हिशोबात धरू नयेत.

२०१९-२० चं वेगळं धरावं. तिथे शेवटच्या मिनिटांचा संबंध नव्हता. चेन्नईत पहिला टप्पा १-४ हरल्यावर घरी ४-२ जिंकून भागत नाही, एकूण ५-६ होतं. तो पराभव खेळाडूंचा नव्हता, कार्यालयाचा होता.

प्रशिक्षक घडवतो गोवा, चषक नेतात दुसरे

सर्जिओ लोबेराला ३१ जानेवारी २०२० ला काढलं गेलं. साखळीचे ३ सामने बाकी होते. क्लिफर्ड मिरांडाने हंगामी जबाबदारी घेतली, संघाने तिन्ही सामने जिंकून ३९ गुणांसह पहिली शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळते ती) मिळवली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. हे श्रेय निर्विवाद आहे. पण दोन टप्प्यांची उपांत्य फेरी ही योजनेची परीक्षा असते आणि तीन वर्षं योजना आखणारा माणूस महिन्याभरापूर्वी घरी पाठवलेला होता.

मग तो कुठे गेला? मुंबई सिटीत. पाठोपाठ जाहू, बुमूस, मुर्तदा फाल आणि आपला मंदार राव देसाईही. १३ मार्च २०२१ ला त्यांनी चषक उचलला, तो फातोर्ड्यात. २० मार्च २०२२ ला हैदराबादने चषक उचलला, फातोर्ड्यात. त्यांचा प्रशिक्षक मानोलो मार्केझ, जो पुढे गोव्याकडे आला. १८ मार्च २०२३ ला एटीके मोहन बागानने चषक उचलला, तोही फातोर्ड्यात. प्रशिक्षक हुआन फेरांडो, जो डिसेंबर २०२१ मध्ये गोवा अर्ध्या हंगामात सोडून गेला होता. २०१५ आणि २०२० धरले तर लीगचे पाच अंतिम सामने या मैदानावर झाले आणि पाचही वेळा चषक घेऊन दुसरे गेले. तीन सलग वर्षं तो उचलणाऱ्या प्रशिक्षकांपैकी दोघे गोव्याचे माजी आणि एक होऊ घातलेला. निवड चुकते असं म्हणायला इथे जागाच नाही. निवड उत्तम आहे. माणूस टिकवणं आणि त्याचं काम पूर्ण होऊ देणं, हे जमत नाही.

२०२४-२५ मध्ये तर मार्केझ एकाच वेळी गोव्याचे आणि भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. दोन्ही कामं पूर्ण वेळेची आहेत. साखळीत दुसरा क्रमांक आला म्हणून ही व्यवस्था चालून गेली असं क्लबने समजू नये.

जे मिळतं, तेही लिहायला हवं

सुपर कप ही लीगबाहेरची, थोड्या दिवसांची स्पर्धा गोव्याला मानवते. २०१९ मध्ये चेन्नईयिनला २-१, मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० आणि ७ डिसेंबर २०२५ ला ईस्ट बंगालला ०-० नंतर पेनल्टीवर ६-५. यातला शेवटचा फातोर्ड्यातच जिंकला, त्यामुळे या मैदानावर निदान एक चषक गोव्याच्या कर्णधाराने उचललेला लोकांनी बघितला. २०२१ मध्ये एदू बेदियाच्या फ्री किकवर ड्युरँड कपही आला, जादा वेळेत, १०५ व्या मिनिटाला. म्हणजे उशिरा गोल करायला या संघाला येतं. एकाच गावी, थोड्या दिवसांत, एका टप्प्याचे सामने असले की हा संघ मोकळा खेळतो. काही दिवसांच्या अंतराने दोन टप्पे आले की पहिल्या टप्प्यातला निकाल डोक्यात घेऊन खेळावं लागतं, आणि तिथेच घोळ होतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-नासरविरुद्ध १-२ हरतानाही ब्रायसन फर्नांडिसने घरच्या प्रेक्षकांसमोर गोल केला. मडगावच्या पोराने सौदी संघाच्या जाळ्यात चेंडू घातलेला बघणं, यासाठी त्या रात्रीचं तिकीट सार्थकी लागलं. स्थानिक मुलं पहिल्या संघात येणं हा या क्लबचा खरा गुण आहे आणि तो कोणत्याही गुणतक्त्यात मावत नाही.

'शील्ड मिळाली, मग चषकाचं एवढं काय?' असं काही जाणकार विचारतात. तर्क बरोबर आहे. १८ सामन्यांची शील्ड तीन-चार सामन्यांच्या चषकापेक्षा कठीण आहे. पण लीगने स्वतः विजेता म्हणून चषकवाल्याचं नाव कोरलं आणि चाहत्यांना अकरा वर्षं तेच शिकवलं. आता चाहत्याने मनाची समजूत घालावी, ही अपेक्षा योग्य नाही.

तिकीट काढणाऱ्यासाठी

मैदानात साधारण १९,००० माणसं बसतात. बाजू घेऊन ओरडायचं असेल तर पूर्वेचा खालचा मजला. 'फोर्सा गोवा'चा गजर तिथूनच उठतो आणि नव्वद मिनिटं उभं राहायची तयारी लागते. खेळाची रचना बघायची असेल तर वरचा मजला घ्या. हे मैदान कधी काळी क्रिकेटच्या एकदिवसीय सामन्यांनाही वापरलं गेलेलं, त्यामुळे खालून, विशेषतः गोलांच्या मागून, समोरच्या टोकाचं अंतर कळत नाही. वरून दोन ओळींमधली जागा स्पष्ट दिसते, आणि ८० व्या मिनिटानंतर तीच बघायची असते: मागची फळी पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर घसरली आणि पुढचा माणूस अजून मध्यरेषेवर उभा आहे, म्हणजे मधे तीसेक मीटरचं मोकळं रान झालं. प्रत्येक सुटा चेंडू तिथे प्रतिस्पर्ध्याला मिळणार.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने मडगावला उतरावं. रेल्वे स्टेशनहून रिक्षा किंवा पायलट (मोटरसायकल टॅक्सी), आणि कदंबच्या बसस्थानकावरून चालत जाता येतं. हवा दमट असते, सुती जर्सी घाला. जेवण सामन्याआधी उरका किंवा नंतर मडगावात रोस ऑम्लेटचा गाडा गाठा.

परतीची वेळ मात्र नीट मोजा. साडेसातला सुरू झालेला साखळी सामना साडेनऊच्या आत आटोपतो. उपांत्य फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात जादा वेळ आणि पेनल्टी धरा: तीस मिनिटं खेळ, मधले थांबे, मग शूटआउट, म्हणजे सव्वादहा ते साडेदहा. पणजी-म्हापशाकडे जाणाऱ्यांनी गाडी आधीच ठरवून ठेवावी, रात्रीच्या रेल्वेचं आरक्षण असेल तर अकरानंतरचीच गाडी घ्यावी. गर्दी चुकवण्यासाठी ८५ व्या मिनिटाला उठणाऱ्यांची संख्या फातोर्ड्यात कमी नाही. २०१५ मध्ये तसं उठलेला माणूस गेटपर्यंत पोचला तेव्हा गोवा विजेता होता.